डिझेलच्या टांकीची गळती

ठाणें मागें टाकून नाशिकच्या रस्त्यानें खाडीवरचा पूल ओलांडला, कीं थोड्याच वेळांत भिवंडी तालुक्याचीं गांवें सुरू होतात. माणकोली, दापोडें, पूर्णा, काल्हेर, वळ. नांवें गांवांचीं, पण डोळ्यांना दिसतात त्या पत्र्याच्या वखारी. मुंबईच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवला, तर तो शहरांत नेईपर्यंत जकात भरावी लागत नसे. म्हणून व्यापाऱ्यांनीं या बाजूस वखारी बांधल्या. १ जुलै २०१७ रोजीं मुंबईची जकात उठली. वखारी मात्र उठल्या नाहींत, उलट वाढतच गेल्या. भाताच्या खाचरांत मुरूम पडतो, त्यावर रोलर फिरतो, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आंत तेथें छप्पर चढलेलें असतें. ही उलथापालथ करणारीं जीं अवजड यंत्रें, त्यांपैकीं एकाच्या पोटांतील दुखण्याविषयीं आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे.

श्रोतेहो, या यंत्रांशीं आपला संबंध बहुधा रस्ता अडला म्हणून चरफडण्यापुरताच येतो. याच तालुक्यांत आमणे येथें येऊन संपणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं पुरा खुला झाला, तेव्हां आपण बोगद्यांचें आणि पुलांचें कौतुक केलें. माती उपसणाऱ्या यंत्राकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. दांतेरी बादलीच्या या यंत्रास पुस्तकांत उत्खनक म्हणतात. वळच्या भरावावर जाऊन 'उत्खनक कोठें आहे' असें विचाराल, तर लोक आपल्या तोंडाकडे पाहात राहतील. तेथें त्याला 'पोकलेन' म्हणतात. पोकलेन ही फ्रान्समधील एक कंपनी. तिचें यंत्र इकडे रुळलें आणि तिचें नांव साऱ्या जातीला चिकटलें. चाकांवर धांवणाऱ्या धाकट्या भावंडास जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराचीं तीन आद्याक्षरें चिकटलीं, आणि त्याचा 'जेसीबी' झाला, तशांतलाच हा प्रकार.

वीस टन वजनाच्या पोकलेनच्या टांकींत साधारणपणें तीनशें ते चारशें लिटर डिझेल मावतें. एवढ्या सांठ्यांतून थेंब थेंब गळलें तर काय बिघडलें, असें वाटणें स्वाभाविक आहे. हिशेब करून पाहूं. एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा तिसावा हिस्सा असें धरलें आणि दर सेकंदास एक थेंब पडतो असें मानलें, तर चोवीस तासांत २,८८० मिलिलिटर होतात. म्हणजे दिवसाला तीन लिटरांस थोडेंच कमी, आणि महिन्याला शहाऐंशीं लिटरांवर. हें तेल भरावाच्या मातींत मुरतें, पावसाच्या पाण्यावर तवंग होऊन पसरतें, आणि शेजारीं अद्याप कोणी भात लावीत असेल तर त्याच्या खाचरांत उतरतें. विहिरीला एकदां डिझेलचा वास लागला, कीं तो महिनोमहिने सुटत नाहीं. परंतु गळतीचा सर्वांत वाईट परिणाम पैशावर किंवा पाण्यावर होत नाहीं. तो माणसावर होतो. कधीं ती माणसाची अब्रू घेते, आणि कधीं जीव.

अब्रूची गोष्ट आधीं सांगतों.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, आणि वळ येथें एका नव्या वखारीसाठीं भराव चालला होता. माझे एक स्नेही तेथें कामावर देखरेख करीत असत. माझें आयुष्य एंजिनांच्या सहवासांत गेलेलें, म्हणून त्यांनीं मला बोलावून नेलें. यंत्राचे मालक, ज्यांना सारे शेठ म्हणत, रोज संध्याकाळीं आपल्या डोळ्यांदेखत टांकी तोंडोतोंड भरून घेत. सकाळीं मोजपट्टी आंत सोडली, कीं सात-आठ लिटर कमी. दिवसांच्या कामाचा हिशेब मात्र बरोबर जुळे. यंत्राखालीं तेलाचा डाग नाहीं, टांकी बाहेरून कोरडी, आणि रात्रीं यंत्राजवळ झोपणारा एकटा ऑपरेटर. मराठवाड्यांतून आलेला तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण. डिझेल रात्रींच जातें, गळतांना दिसत नाहीं, आणि जवळ दुसरें कोणी नसतें. शेठनीं याचा जो अर्थ लावला, तो कोणीहि लावला असता. त्या मुलाचा पगार अडकवून ठेवण्यांत आला होता. "शेठ, एक लिटर जरी घेतलें असेल तर मला आईची शपथ," एवढेंच तो म्हणे. "शपथेनें टांकी भरत नाहीं," हें शेठचें उत्तर.

शेवटीं भिवंडींतल्या एका वृद्ध मिस्त्रींना आणण्यांत आलें. सारा बाजार त्यांना चाचा म्हणत असे. हातांत पाना घेऊन ते यंत्राखालीं शिरतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनीं तसें कांहीं केलें नाहीं. ऑपरेटरला जवळ बसवून, टांकी केव्हां भरतां, कितीवर भरतां, यंत्र कोठें उभें करतां, उतारावर कीं सपाटीवर, असे प्रश्न त्यांनीं अर्धा तास विचारले. मग ते शेठकडे वळून म्हणाले, "चार दिवस यंत्र बंद ठेवा."

"चाचा, चार दिवसांचें भाडें बुडेल माझें."

"मग पोराचा पगार देऊन टाका. दोहोंतलें एक करा."

शेठनीं भाडें बुडविण्याचें पत्करलें. संशयाची किंमत माणसें खुशीनें देतात, हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे.

दुसऱ्या दिवशीं पहाटे यंत्र सपाट जागेवर आणून उभें केलें. एंजिनाकडे जाणाऱ्या नळीची तोटी बंद केली. टांकी गळ्यापर्यंत भरली, झांकणावर कागदाची पट्टी डकवली, आणि तिच्यावर शेठची सही घेतली. टांकी ३४० लिटरांची होती. पहिल्या चोवीस तासांत चौदा लिटर कमी झाले. कागद तसाच होता. दुसऱ्या दिवशीं आठ लिटर कमी झाले. तिसऱ्या दिवशीं दोन. चौथ्या दिवशीं पट्टीवरची ओल जेथल्या तेथें राहिली.

चाचांनीं शेठना पट्टी दाखविली. "चोर असता तर तीनशें सोळा लिटरांवर येऊन त्याला वैराग्य आलें नसतें."

या एका वाक्यांत गळती शोधण्याचें अर्धें शास्त्र आलें, म्हणून तें जरा उलगडून सांगतों. टांकीला भोंक असेल, तर भोंकाच्या वर असलेलें तेलच बाहेर पडूं शकतें. पातळी भोंकापाशीं पोंचली कीं गळती थांबते. म्हणजे टांकी स्वतःच आपल्या जखमेची उंची सांगते. तिला फक्त बोलावयास वेळ द्यावा लागतो. दुसरें असें कीं, भोंकावर तेलाचा जितका अधिक थर, तितका जोर अधिक. भोंकांतून निघणाऱ्या द्रवाचा वेग वरच्या थराच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असतो, हा नियम टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांतच सांगून ठेवला आहे. चौदा, आठ, दोन, शून्य, हा उतरता क्रम चोराचा नव्हे. तो टोरिचेल्लीचा आहे.

आतां, दिवसां डिझेल कां जात नव्हतें तेंहि कळतें. वीस टनी पोकलेन कामावर असतांना तासाला बारा-पंधरा लिटर डिझेल खातें. भरलेल्या टांकीवर सकाळीं काम सुरू झालें, कीं दोन तासांच्या आंत पातळी भोंकाच्या खालीं येई, आणि मग दिवसभर टांकी निर्दोष! संध्याकाळीं शेठ ती पुन्हां काठोकाठ भरीत, आणि गळती रात्रभर आपलें काम करी. विशेष हें कीं, संध्याकाळीं टांकी भरून ठेवण्याची शेठची संवय उत्तम होती. अर्धवट रिकाम्या टांकींत दमट हवा असते. रात्रीं पत्रा निवला कीं तिच्यांतील पाणी आंतल्या अंगास दंव होऊन धरतें, आणि डिझेलहून जड असल्यामुळें तळाशीं जाऊन बसतें. खाडीकांठच्या हवेंत हें फार होतें. तळाच्या पाण्यानें पत्रा गंजतो. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर बुरशी आणि जंतु वाढतात, त्यांच्यापासून आम्लें होतात, आणि पत्र्याला आंतून सुईच्या अग्राएवढीं छिद्रें पडतात. म्हणून टांकीच्या बुडाची तोटी अधूनमधून सोडून पाणी काढून टाकणें आणि रात्रीं टांकी भरलेली ठेवणें, हें प्रत्येक यंत्राच्या पुस्तकांत सांगितलेलें असतें. आपण ज्या इमारतींत राहतां तेथें विजेसाठीं डिझेलचें जनित्र असेल, तर त्यालाहि हें लागू आहे, आणि तेथें बहुधा कोणी करीत नाहीं.

चाचांनीं टांकी संध्याकाळीं न भरतां पहाटे कां भरली, असें मीं विचारलें. उत्तर आलें, "गरम तेल मोजूं नये." एंजिनाकडे गेलेल्या डिझेलपैकीं जें जळत नाहीं, तें दुसऱ्या नळीनें टांकींत परत येतें, आणि येतांना एंजिनाची ऊब घेऊन येतें. डिझेल दर अंश सेल्सियसमागें आपल्या आकारमानाच्या हजारांत सुमारें आठ दशांश भागानें फुगतें. तीनशें लिटर तेल रात्रींत वीस अंशांनीं निवलें, तर पट्टीवर जवळजवळ पांच लिटर कमी दिसतात. एक थेंब गळलेला नसतो आणि एक थेंब चोरीला गेलेला नसतो. या पांच लिटरांपायीं किती ऑपरेटरांच्या नोकऱ्या गेल्या असतील, कोणास ठाऊक!

अशी आणखी एक फसवी गळती आहे. एंजिनाच्या वंगणाची पट्टी काढून पाहावी. वंगण वापरानें कमी होत जावें. तें जर वाढलेलें, पातळ झालेलें आणि डिझेलच्या वासाचें निघालें, तर पंपाचा पडदा किंवा सील फाटून डिझेल एंजिनाच्या पोटांत उतरत आहे असें समजावें. जमिनीवर डाग पडत नाहीं, आणि इकडे वंगण पातळ होऊन एंजिनाचीं बेअरिंगें खराब होत असतात. टांकीच्या झांकणाचा रबर किंवा हवेच्या भोंकाची जाळी बिघडली असेल, तर यंत्र उतारावर तिरकें उभें राहिलें तेवढ्याच वेळीं तेल सांडतें. म्हणून उताराचा प्रश्न.

वळच्या टांकीची जखम वरून सहा-एक सेंटिमीटर खालीं आहे, एवढें चार दिवसांनीं ठरलें. पण ती त्या उंचीवर चारी बाजूंपैकीं कोठें? येथें नवशिका माणूस थेंब शोधीत बसतो. तेल खालीं जातें हें खरें, पण सरळ खालीं जात नाहीं. सांध्याच्या कडेनें, पट्ट्याच्या आडून, नळीच्या पाठीवरून तें हातभर लांब चालत जातें आणि सोयीच्या ठिकाणीं थेंब सोडतें. जेथें थेंब पडतो तो प्रवासाचा शेवट असतो. चाचांनीं टांकी पुन्हां भरून घेतली, साबणाच्या पाण्यानें बाहेरून धुतली, फडक्यानें अगदीं कोरडी केली. मग त्यांनीं खिशांतून शाळेंतल्या खडूच्या कांड्या काढल्या, त्या कुटून पाण्यांत कालवल्या, आणि त्या उंचीच्या सर्व सांध्यांवर तो पांढरा लेप कुंचल्यानें चढविला. लेप वाळला. तासाभरानें टांकीच्या मागच्या अंगास, पायरीच्या पोलादी ब्रॅकेटच्या कडेला, पांढऱ्यावर केंसासारखी एक करडी रेघ उमटली आणि हळूहळू जाड होत गेली.

मोठमोठ्या टांक्या बांधणारे कारखानेहि हीच परीक्षा घेत आले आहेत: सांध्याच्या एका अंगाला खडूचा लेप द्यावयाचा, दुसऱ्या अंगाला रॉकेल लावावयाचें. आजकाल तेलांत एक चकाकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याच्या प्रकाशांत गळती पाहतात. तीहि रीत उत्तम, परंतु खडू पुढच्या दुकानांत मिळतो.

चीर दोन बोटें लांब होती. ब्रॅकेटवर पाऊल ठेवून माणसें वर चढत. शिवाय यंत्राची धडधड दिवसभर चालू. जाड ब्रॅकेट हलत नाहीं, पातळ पत्रा हलतो, आणि दोहोंच्या सांध्याशीं पत्रा पुन्हां पुन्हां वांकतो. तार हातानें इकडेतिकडे वांकवीत राहिल्यास ती जशी तुटते, तसेंच हें. आणि चिरेंतून निघालेलें डिझेल गेलें कोठें? तें पाठीमागून उतरून यंत्राच्या पोटाखालच्या पत्र्यावर जाई. तेथें वीतभर मातीचा थर सांचलेला होता. तीनें महिनाभराचें डिझेल पिऊन घेतलें होतें. मूठभर माती काढून पिळली असती तर तेल निघालें असतें. ऑपरेटर ती माती हातांत घेऊन बराच वेळ उभा राहिला. तो कांहीं बोलला नाहीं.

येथें एक इशारा देतों. गळती शोधण्यासाठीं कित्येक जण टांकींत हवा भरतात आणि बाहेरून साबणाचा फेंस लावून बुडबुडे पाहतात. रीत बरोबर आहे, पण ती धुतलेल्या, रिकाम्या टांकीवर आणि अत्यल्प दाबानेंच वापरावी. साठ सेंटिमीटर उंच आणि ऐंशीं सेंटिमीटर रुंद अशा बाजूचें क्षेत्रफळ ४,८०० चौरस सेंटिमीटर होतें. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किलोचा फक्त पांचवा हिस्सा दाब दिला, तरी त्या पत्र्यावर ९६० किलोंचा भार येतो. ट्रकच्या टायरांत भरतात तेवढा, म्हणजे सात किलोंचा दाब दिला, तर भार साडेतेहेतीस टनांवर जाईल. टांकी हा टायर नव्हे.

आतां दुरुस्ती. रस्त्यावर अडलेल्या चालकाचा पहिला मित्र म्हणजे कपडे धुण्याचा साबण. डिझेलमध्यें साबण सहजासहजीं विरघळत नाहीं, म्हणून चिरेवर घट्ट घासलेली वडी यंत्राला कारखान्यापर्यंत पोंचवते. दुसरा मित्र एम-सीलसारखा दोन भाग मळून लावावयाचा लेप. तो टिकतो, पण पातळी चिरेच्या खालीं आणून, रंग आणि गंज खरडून, पत्रा उघडा आणि पूर्ण कोरडा केला तरच. ओलसर पत्र्यावर थापलेला लेप दुसऱ्या दिवशीं पापडासारखा सुटतो. हल्लीं कांहीं यंत्रांस प्लॅस्टिकच्या टांक्या येतात. त्यांना हे लेप धरत नाहींत, त्यांची चीर त्याच जातीच्या प्लॅस्टिकनें सांधावी लागते किंवा टांकीच बदलावी लागते. धडधडीमुळें पडलेली चीर मात्र लेपानें बरी होत नाहीं. ती लेपाखालून वाढतच राहते. तिला वेल्डिंग हवें.

म्हणून शेठनीं जवळच्या वर्कशॉपमधून वेल्डर बोलावला. तो होल्डर घेऊन आला, टांकी उपसून रिकामी करावयास त्यानें सांगितलें, आणि जागच्या जागीं टांका मारण्याची तयारी केली. चाचांनीं त्याचा हात धरला. "अहो, हें डिझेल आहे, पेट्रोल नव्हे," वेल्डर म्हणाला. "आणि टांकी तर रिकामी केली!"

श्रोतेहो, दर वर्षीं कोठें ना कोठें माणसें मरतात तीं याच दोन वाक्यांनीं. दोन्ही वाक्यें खरीं वाटतात, कारण तीं अर्धीं खरीं आहेत. थंड डिझेलच्या भांड्यांत पेटती काडी टाकली तर ती बहुधा विझते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानें तेलांचे वर्ग पाडले आहेत तेहि याच गुणावरून: ज्योत दाखवितांच ज्या तेलाची वाफ २३ अंशांच्या खालींच भडकते तें 'अ' वर्गांत, म्हणजे पेट्रोल, २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान भडकणारें 'ब' वर्गांत, आणि डिझेल त्यांत मोडतें. पण वेल्डिंगची ठिणगी हजारों अंश तप्त असते. तिच्या भोंवतींचा पत्रा तापला, कीं आंतल्या सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्याखालीं लपलेल्या तेलाची वाफ होऊं लागते. भरलेल्या टांकींत वाफेला जागा नसते आणि हवा नसते. रिकामींत दोन्ही असतात. हवेंत शेंकडा एकाहूनहि कमी वाफ मिसळली तरी तें मिश्रण स्फोटक होतें. तीनशें-साडेतीनशें लिटरांच्या टांकीला त्यासाठीं किती तेल लागेल? पोहे खाण्याचा चमचा तीन-चार वेळां भरावा, तेवढें. उपसून रिकाम्या केलेल्या टांकीच्या भिंतींना याच्या कितीतरी पट तेल चिकटून राहिलेलें असतें.

याचें जगाला माहीत असलेलें उदाहरण जमिनीवरचें नाहीं, आकाशांतलें आहे. १७ जुलै १९९६ रोजीं न्यूयॉर्कहून पॅरिसकडे निघालेलें टीडब्ल्यूए कंपनीचें बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर बारा मिनिटांनीं लाँग आयलंडजवळ समुद्रावर फुटलें, आणि त्यांतील २३० माणसें, एकूण एक, मृत्युमुखीं पडलीं. चार वर्षांच्या चौकशीनंतर निष्कर्ष निघाला तो असा, कीं विमानाच्या मधल्या टांकींतील वाफ आणि हवा यांचें मिश्रण पेटलें. ठिणगी नेमकी कोठली हें निश्चित ठरवितां आलें नाहीं; विजेच्या तारांतील दोष हें सर्वांत संभवनीय कारण मानण्यांत आलें. ती टांकी जवळजवळ रिकामी होती, खालच्या वातानुकूलन यंत्रांच्या उष्णतेनें तापलेली होती, आणि तिच्यांतलें इंधन पेट्रोल नव्हतें. आपल्या घरांतल्या स्टोव्हमध्यें जळत असे त्या रॉकेलच्याच जातीचें होतें.

चाचांना हें विमान ठाऊक नव्हतें. त्यांना भिवंडींतला एक वेल्डर ठाऊक होता, त्याच्याबद्दल त्यांनीं अधिक सांगितलें नाहीं.

टांकी यंत्रावरून उतरविण्यांत आली. तरंगकाटा, तोट्या, नळ्या, सर्व काढून तिचीं भोंकें उघडीं केलीं. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा आंत घालून ती दोन वेळां खळबळून धुतली, आणि तें घाण पाणी भरावावर न सोडतां पिंपांत भरून ठेवलें. मग शेजारच्या कापडरंगाईच्या कारखान्यांतून वाफ आणली. भिवंडींत वाफ मिळण्यास अडचण पडत नाहीं, हा या गांवाचा एक फायदाच म्हणावयाचा. पत्र्याला हात लावणें अशक्य व्हावें इतकी ती चार तास तापविली, आणि खालून निथळणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसेनासा झाल्यावरच वाफ बंद केली. नुसत्या वासावर विश्वास ठेवूं नये; नाक लवकर मरतें. वायुमापक यंत्र आंत धरून पाहिलें. एवढें होऊनहि चाचांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं टांकी आडवी करून चीर सर्वांत वर आणली, आणि चिरेच्या दोन बोटें खालपर्यंत पाणी भरलें. झांकणाचें तोंड वरच्या अंगास उघडें ठेवलें. जेथें पाणी आहे तेथें वाफेला जागा नाहीं, आणि उरली ती जागा तांब्याभर. पाणी भरणें शक्य नसेल तेथें नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड वायु आंत सोडून हवा हांकून देतात. कांहीं जण एंजिनाच्या धुराची नळी टांकींत सोडून काम भागवितात. ही युक्ति घातक आहे. संथ चालणाऱ्या डिझेल एंजिनाच्या धुरांत प्राणवायु भरपूर शिल्लक असतो. धूर काळा दिसतो म्हणून तो निर्जीव असतो असें नाहीं.

मग वेल्डरचें काम सुरू झालें, आणि तें त्यानें फार सुबक केलें हें सांगितलें पाहिजे. चिरेच्या दोन्ही टोंकांशीं त्यानें तीन मिलिमीटरचें एकेक बारीक भोंक पाडलें. टोंक अणकुचीदार असेपर्यंत चीर पुढें सरकते. तिच्या वाटेंत गोल भोंक आलें, कीं ताण वाटला जातो आणि ती थबकते. चीर घांसून तिची खांच केली, टांका भरला, भोंकें बुजविलीं. पण तेवढ्यावर थांबला असता तर सहा महिन्यांत शेजारीं दुसरी चीर पडली असती. म्हणून ब्रॅकेट कापून काढलें, तेथें तळहातापेक्षां मोठें, गोल कोपऱ्यांचें पोलादी थिगळ बसविलें, आणि त्या थिगळावर ब्रॅकेट परत जोडलें. पायरीचा भार आतां एका रेघेवर न येतां सबंध थिगळावर पसरणार होता.

टांकी पाण्यानें भरून, टांक्यावर खडूचा लेप देऊन, रात्रभर तशीच ठेवली. सकाळीं लेप पांढरा शुभ्र होता. नंतर ती गरम हवेनें पूर्ण सुकविली, कारण आंत राहिलेलें पाणी पुढें जाऊन एंजिनाच्या इंजेक्टरांचा नाश करतें. थोड्या डिझेलनें विसळली, नवा फिल्टर घातला, आणि टांकी बसते त्या पट्ट्यांखालीं रबराच्या नव्या चिंध्या दिल्या. पोटाखालच्या पत्र्यावरची माती ऑपरेटरनें स्वतः खरवडून काढली.

आठव्या दिवशीं सायंकाळीं यंत्र पुन्हां चालू झालें. शेठनीं त्या मुलाला बाजूस बोलावून अडकलेला पगार मोजून दिला. वर कांहीं बोलले नाहींत. चाचा निघाले तेव्हां मुलानें त्यांच्याकडून उरलेल्या खडूच्या दोन कांड्या मागून घेतल्या. महिन्याभरानें मी त्या बाजूस गेलों होतों. भराव पुरा होऊन रोलर फिरत होता, आणि पोकलेन कांठाशीं उभें होतें. टांकीच्या मागच्या अंगास, थिगळाच्या कडेनें, खडूची ताजी पांढरी रेघ ओढलेली होती. मीं बोट लावून पाहिलें. ती कोरडी होती.